राणीचा कॅमेरा, राणीची कुत्री

लग्नाआधीच्या माहितीपत्रकात ‘छंद’ या शब्दापुढे आपण काय काय लिहिलेलं असतं! वाचन, भरतकाम, चित्रकला, गाणं, बॅडमिंटन. लग्नाला दहा वर्षं झाल्यावर हाच प्रश्न कुणी विचारला तर आपण हसून वेळ मारून नेतो. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची औषधं, पाहुणेरावळे, सणवार. यातून डोकं वर काढता येईल तेव्हा ना! छंद म्हणजे सगळी कामं उरकल्यावर करायची गोष्ट, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. आणि घरातली कामं काही कधी उरकत नाहीत.

मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला एका बाईची गोष्ट सांगणार आहे. ती होती राणी. तिच्या हाताखाली नोकरांची फौज. त्यामुळे तिला काय, वेळच वेळ, असं कुणीही म्हणेल. पण माझं तिच्याकडे लक्ष गेलं ते वेगळ्याच कारणाने. आमच्या महिला मंडळाच्या कामासाठी मी घरोघरी फिरते. साठी ओलांडलेल्या कितीतरी बायकांना ऐकू कमी येतं. त्या कुणाला सांगत नाहीत. चारचौघी हसल्या की त्याही हसतात. मग हळूहळू हळदीकुंकवाला येणं बंद, भजनाला जाणं बंद, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची. लोक म्हणतात, बाई मानी आहे, कुणात मिसळत नाही. खरं दुखणं कानाचं असतं, पण बाई अख्खीच्या अख्खी माणसांतून उठते.

या राणीचंही तसंच व्हायचं होतं. तिला हात दिला तो एका कॅमेऱ्याने आणि पुष्कळशा कुत्र्यांनी. तिचं नाव अलेक्झांड्रा. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याची ती पत्नी.

अलेक्झांड्राचा जन्म १ डिसेंबर १८४४ रोजी डेन्मार्कमध्ये, कोपनहेगन शहरात झाला. घराणं राजघराण्याशी नातं सांगणारं, पण हातात पैसा बेताचाच. आईने मुलींना स्वतःचे कपडे स्वतः शिवायला शिकवलं होतं. अलेक्झांड्रा आणि तिची धाकटी बहीण डागमार माळ्यावरच्या एकाच खोलीत झोपायच्या. पुढे वडील डेन्मार्कचे राजे झाले आणि डागमार रशियाची सम्राज्ञी झाली, पण ते सगळं नंतर. लहानपण मात्र आपल्याकडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरासारखंच, भावंडांच्या गलक्यात गेलं.

इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने आपल्या थोरल्या मुलासाठी ही देखणी मुलगी पसंत केली. १० मार्च १८६३ रोजी विंडसरच्या चर्चमध्ये लग्न झालं. नवरी अठरा वर्षांची. साऱ्या इंग्लंडला तिने मोहून टाकलं. त्याच वर्षी इकडे आपल्या मुंबईत माणकजी कर्सेटजी या पारशी सुधारकांनी मुलींना इंग्रजी शिक्षण देणारी शाळा काढली आणि तिला नव्या युवराज्ञीचं नाव दिलं, ‘अलेक्झांड्रा गर्ल्स इंग्लिश इन्स्टिट्यूशन’. मुलीला इंग्रजी शिकवायचं म्हटलं की लोक नाकं मुरडायचे, तो हा काळ. फोर्ट भागातली ही शाळा आजही ओळखीची आहे.

सासर मोठं, पण सोपं नव्हतं. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच प्रशियाने डेन्मार्कवर स्वारी केली आणि तिच्या माहेरचा मोठा मुलूख गेला. सासूबाईंचा ओढा प्रशियाकडे! म्हणजे जेवणाच्या टेबलावर माहेरचं नाव काढायची चोरी. ही कुचंबणा आपल्यापैकी कुणाला समजावून सांगायला नको.

१८६७ साल तिच्यासाठी फार वाईट निघालं. तिसऱ्या बाळंतपणाच्या वेळी तिला संधिवाताच्या तापाने गाठलं. जीव वाचला, पण गुडघा कायमचा आखडला आणि चालताना ती लंगडू लागली. गंमत बघा, फॅशनच्या मागे लागलेल्या काही बायका मुद्दाम तिच्यासारखं लंगडत चालायला लागल्या! तिच्या मानेवर लहानपणापासून एक व्रण होता. तो झाकायला ती उंच कॉलरचे कपडे किंवा गळ्याला घट्ट बसणारे मोत्यांचे पदर घालायची. त्याचीही फॅशन झाली. लोकांनी तिचं दुखणंसुद्धा दागिन्यासारखं मिरवलं.

लंगडणं निदान दिसत तरी होतं. न दिसणारी गोष्ट होती कानाची. तिच्या आईला आनुवंशिक बहिरेपण होतं, तेच हिच्याकडे आलं. कानातलं नाजूक हाड हळूहळू घट्ट होत जातं आणि आवाज आत पोचतच नाही, असा तो विकार. त्या आजारपणानंतर तो झपाट्याने वाढत गेला. आज यावर ऑपरेशन आहे, श्रवणयंत्रं आहेत. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. मेजवानीत शेजारी कुठल्या तरी देशाचा राजदूत बसलेला, तो काहीतरी सांगतोय आणि आपण नुसतं गोड हसायचं. बाहेरच्यांना वाटायचं, ही सुंदर आहे, पण जरा बुद्धीने कमीच दिसते.

त्यात नवरा रंगेल. एडवर्डला पार्ट्या, पत्ते, शिकार आणि सुंदर बायका यांचा शौक. नट्या म्हणू नका, सरदारांच्या बायका म्हणू नका. सगळं लंडन हे जाणून होतं आणि तीही जाणून होती. घरात सहा मुलं झाली, त्यातलं शेवटचं १८७१ मध्ये जन्मल्यावर एका दिवसात गेलं. १८७५ मध्ये नवरा हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा तिलाही यायचं होतं. फार फार यायचं होतं. तिला नेलं नाही. ८ नोव्हेंबरला तो मुंबईत उतरला, हत्तीवर बसला, वाघाच्या शिकारी केल्या. त्या दौऱ्याची आठवण म्हणून ससून शेठनी त्याचा घोड्यावरचा पुतळा मुंबईला दिला. तोच आपला काळा घोडा! १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत नेला, पण भागाचं नाव तेच राहिलं. अलेक्झांड्राने मात्र हिंदुस्थान कधीच पाहिला नाही. ती रुखरुख तिला जन्मभर राहिली.

आता एवढ्यावर एखादी बाई खचली असती, चिडखोर झाली असती, नाहीतर नुसती देवघरात जाऊन बसली असती. अलेक्झांड्राने काय केलं?

पहिलं म्हणजे ती माणसांच्या गर्दीतून कुत्र्यांच्या गर्दीत गेली. नॉरफोक परगण्यात सँड्रिंगहॅम इथे त्यांचं शेतीवाडीचं घर होतं. तिथे १८७९ मध्ये कुत्र्यांसाठी खास विटांची घरं बांधली गेली. किती जातींची कुत्री असावीत! रशियातून आलेले उंच, रेशमी केसांचे बोर्झोय, लांब कानांचे बुटके बॅसेट हाउंड, कोली, चाऊ आणि मांडीत मावणारी जपानी चिन आणि पेकिनीज. ‘अ‍ॅलेक्स’ नावाच्या तिच्या बोर्झोयने डॉग शोमध्ये ढीगभर बक्षिसं मिळवली. बायकांनी कुत्री पाळणं, त्यांच्या जाती सांभाळणं, प्रदर्शनात उतरणं हे पुरुषांना तेव्हा फारसं रुचत नव्हतं. बायकांनी स्वतःची संस्था काढली, ‘लेडीज केनेल असोसिएशन’, आणि अलेक्झांड्रा तिची आश्रयदाती झाली.

रविवारी दुपारी पाहुण्यांना कुत्र्यांची घरं दाखवायला ती स्वतः घेऊन जायची. हातात पावाचे तुकडे, प्रत्येक कुत्र्याचं नाव तोंडपाठ. तिथे तिला कुणी काय बोललं ते ऐकावं लागत नव्हतं. शेपटी हलतेय की पायात गेलीय, कान टवकारलेत की पडलेत, हे डोळ्यांनी कळतं. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना हे लगेच पटेल. मुकं जनावर आपल्याशी अंगाने बोलतं आणि आपल्यालाही तसं बोलायला शिकवतं. कानांनी साथ सोडलेल्या बाईला यापरता चांगला सोबती कोण?

दुसरा आधार कॅमेऱ्याचा. फोटोंची तिला आवड आधीपासून होती. तरुणपणी ती फोटो कापून, वहीत चिकटवून, त्यांच्याभोवती जलरंगात चित्रं काढायची. पण स्वतः फोटो काढणं वेगळं. पूर्वी काचेच्या पट्ट्या, रसायनांच्या बाटल्या, अंधारी खोली, हात काळे होणं असा सगळा खटाटोप असे. १८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी ‘कोडॅक’ नावाचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेली असे. दोरी ओढायची, बटण दाबायचं, किल्ली फिरवायची, बस्स. शंभर फोटो झाले की सगळा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. तिकडून छापलेले गोल गोल फोटो आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत यायचा. या सोयीमुळे जगभरच्या हजारो बायकांनी पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतला. त्यांतलीच एक अलेक्झांड्रा. तेव्हा ती चाळिशीत होती, म्हणजे साधारण तुमच्या-माझ्या वयाची.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या काळात तिचे फोटो घरोघरी असत. पोटच्या मुलीला पाठुंगळी घेतलेला तिचा १८६८ चा एक फोटो तर इतका गाजला, की त्याच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या असं सांगतात. म्हणजे वर्षानुवर्षं तिच्याकडे जग बघत होतं. तिने दागिने घालून, मान वळवून, नीट उभं राहायचं. कॅमेरा हातात आल्यावर पहिल्यांदा ती जगाकडे बघू लागली! कुणाकडे बघायचं, कधी बघायचं, हे आता ती ठरवणार होती.

तिने काय टिपलं? नातवंडं. कुत्री. राजघराण्याच्या ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या बोटीचा डेक, त्यावर वाऱ्याने टोप्या सांभाळत उभी असलेली माणसं. समुद्र, स्कॉटलंडचे डोंगर. रशियाच्या झारला, म्हणजे डागमारच्या मुलाला, तिने मावशीच्या नजरेने पाहिलं आणि तसंच टिपलं. दरबारी फोटोग्राफरसमोर ही मंडळी पुतळ्यासारखी ताठ असायची, तिच्यासमोर मोकळी व्हायची. ते फोटो तिने स्वतः अल्बममध्ये लावले. सँड्रिंगहॅमला चहाचा एक सेट होता, त्याच्या कपबशांवर तिने काढलेले फोटो छापलेले होते. १८९७ मध्ये लंडनला ईस्टमन कंपनीने भरवलेल्या प्रदर्शनात तिचे फोटो लोकांनी पाहिले.

दुःखं काही थांबली नव्हती. जानेवारी १८९२ मध्ये थोरला मुलगा अल्बर्ट व्हिक्टर फ्ल्यू आणि न्यूमोनियाने सँड्रिंगहॅमलाच गेला. अवघा २८ वर्षांचा, लग्न ठरलेलं. त्याची खोली तिने पुढे वर्षानुवर्षं जशीच्या तशी ठेवली. छंदामुळे असं दुःख जात नाही, कुणी तसं म्हणत असेल तर ते खोटं आहे. पण सकाळी उठून बाहेर पडायला काहीतरी कारण लागतं. दारात कुत्री वाट बघत असतात. त्यांना आपलं दुःख कळलं तरी भूक लागायची थांबत नाही.

व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली. तब्बल ३८ वर्षं सूनपण करून अलेक्झांड्रा ५६ व्या वर्षी राणी झाली. तोवर तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. पण तिचे डोळे आणि हात कामाला लागलेले होते. सैन्यातल्या नर्सेससाठी १९०२ मध्ये जी सेवा सुरू झाली, ती तिच्या नावाने. लंडन हॉस्पिटलवर तर तिचा विशेष जीव. १८८७ मध्ये तिथेच ती जोसेफ मेरिकला भेटली होती. चेहरा आणि शरीर भयंकर विद्रूप झालेला हा माणूस ‘एलिफंट मॅन’ म्हणून जत्रांत दाखवला गेला होता. बायका त्याला पाहून किंचाळायच्या. अलेक्झांड्रा आत गेली, त्याचा हात हातात घेतला, शेजारी बसली. पुढे स्वतःच्या सहीचा फोटो पाठवला. आपल्याकडे लोक टक लावून बघतात म्हणजे काय, हे तिला आतून ठाऊक होतं, म्हणून हे जमलं असावं. त्वचेच्या क्षयरोगावर डेन्मार्कच्या डॉक्टर फिन्सेन यांनी प्रकाशाने उपचार शोधले होते. तो दिवा १९०० मध्ये तिने याच हॉस्पिटलला मिळवून दिला.

आणि १९०८ मध्ये तिने छंदालाच कामाला लावलं. नाताळच्या तोंडावर तिने काढलेल्या फोटोंचं एक पुस्तक ‘डेली टेलिग्राफ’ या वृत्तपत्राने काढलं. किंमत अडीच शिलिंग, मिळणारे पैसे धर्मादाय कामांना. साध्यासुध्या घरांतल्या लोकांनी ते विकत घेतलं आणि राणीने काढलेले तिच्या घरातले फोटो पहिल्यांदा पाहिले. त्यात कुत्रीही होती बरं का!

६ मे १९१० रोजी एडवर्ड गेला. जाण्याआधी त्याच्या मैत्रिणीला भेटायला येऊ देण्याइतकं मोठं मन तिने दाखवलं. अंत्ययात्रेत नऊ देशांचे राजे चालले होते. त्या सगळ्यांच्या पुढे, शवपेटीच्या मागोमाग, एक छोटासा पांढरा टेरियर कुत्रा चालत होता. राजाचा लाडका सीझर. जर्मनीच्या कैसरला हे फारच झोंबलं म्हणतात. मालक गेल्यावर सीझरने अन्न सोडलं. अलेक्झांड्राने त्याला जवळ घेऊन पुन्हा खातं-पितं केलं. १९१४ मध्ये तो गेला. विंडसरला राजाराणीच्या समाधीवर, राजाच्या पायाशी, संगमरवरातला सीझर आजही बसलेला आहे.

पुढे १९१२ पासून तिने ‘रोझ डे’ सुरू केला. अपंग मुलींनी आणि बायकांनी केलेली कापडी रानगुलाबाची फुलं रस्त्यावर विकायची आणि पैसे इस्पितळांना द्यायचे. म्हणजे फुलं करणारीलाही काम आणि आजाऱ्यालाही मदत.

तिच्यात दोषही होते. ती कुठेही वेळेवर पोचत नसे. सँड्रिंगहॅमची घड्याळं राजाने शिकारीसाठी अर्धा तास पुढे ठेवली होती, तरी हिला उशीरच! त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मधली मुलगी व्हिक्टोरिया. तिला अलेक्झांड्राने सोबतीसाठी जवळ ठेवून घेतलं आणि तिचं लग्न झालंच नाही. स्वतःचा एकटेपणा भरून काढायला लेकीचं आयुष्य वापरणं मला पटत नाही. आपल्याकडेही अशी घरं आहेत. कुत्री आणि कॅमेरा यांच्यावर जेवढी माया तिने मोकळेपणाने उधळली, तेवढंच मोकळं त्या मुलीला करायला हवं होतं.

शेवटी डोळ्यांनीही दगा दिला. १९२० मध्ये डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली आणि काही काळ तिला नीट दिसेना. २० नोव्हेंबर १९२५ रोजी सँड्रिंगहॅमला, ऐंशीव्या वर्षी, हृदयविकाराने तिचा अंत झाला. तिचे अल्बम मात्र राजघराण्याच्या संग्रहात जपलेले आहेत. मोठमोठ्या चित्रकारांनी काढलेल्या तसबिरींत त्या काळच्या राजांचा थाट दिसतो. ती माणसं घरात कशी होती, हे बघायचं तर बहिऱ्या राणीने काढलेले हे फोटो उघडावे लागतात.

तिच्याजवळ पैसा होता, आपल्याजवळ नाही, हे खरंच आहे. कुत्र्यांच्या वाड्याचा विषय सोडा, एका कुत्र्याची लस आणि डॉक्टरही परवडायला हवेत. पण कॅमेरा? तो तर आज आपल्या पर्समध्येच आहे, मोबाइलच्या रूपाने. आपण तो बहुतेक वेळा इतरांसाठी धरतो, नाहीतर स्वतःसमोर धरतो. एकदा तो आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीसमोर धरून बघा. तुळशीवर पडलेलं ऊन, पोळीसाठी दारात येणारं गल्लीतलं कुत्रं, वाटाणे सोलणारे सासूबाईंचे हात. चांगले पाच-दहा फोटो वर्षातून एकदा छापून घ्या आणि मागे नाव, गाव, तारीख लिहा. मोबाइल बिघडतो, कागद राहतो.

आणि घरात कुणी बाई अलीकडे गप्प गप्प राहत असेल, विचारलं एक तर उत्तर भलतंच देत असेल, तर ती विक्षिप्त झाली असं म्हणू नका. तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांकडे न्या. बोलताना तिच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. आणि हातात तिला आवडेल असं काहीतरी द्या. क्रोशाची सुई असो, कुंडीतलं रोप असो, की नातवाचा जुना मोबाइल असो. कान गेले तरी बाईचे हात आणि डोळे शाबूत असतात. त्यांना काम मिळालं, तर ती माणसांतून उठत नाही.